साकोली परिसरातील मोह आणि आबकारी

‘आबकारी’ हा फारसीतून आलेला शब्द मद्याचा व्यवसाय व त्यावरील कर या दोहोंचा वाचक ठरला. भंडारा जिल्ह्यातील साकोलीच्या वनप्रदेशात मोहाचे फूल अन्नही आहे आणि मद्याचे साधनही. मध्यप्रांताच्या १९१५ च्या आबकारी कायद्यान्वये मद्यनिर्मिती व विक्री परवान्याच्या कक्षेत होती. लोकांच्या मद्यपानातून शासनास महसूल मिळे. १९५६ मध्ये हा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा विदर्भास लागू झाला. त्यान्वये मोहफुलांचा संग्रह व वाहतूक यांवरही निर्बंध आले. ते २०२१ मध्ये शिथिल झाले. नियमन पेयाचे करावयाचे होते; त्याचा भार मात्र फुले वेचून खाणाऱ्यांच्या अन्नावरही पडला.