मॉरिशसचे रान आणि उसाची हद्द

हिंदी महासागरातील मॉरिशस हे सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे ज्वालामुखीजन्य बेट असून, आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे मधल्या पठारावर अडून पाऊस पाडतात आणि पश्चिम किनारा पर्जन्यछायेत कोरडा राहतो. या पावसानेच मूळचे अधिवास आखले: किनाऱ्यालगत ताडवर्गीय झाडांचे शुष्क रान, त्यामागे आबनूस, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातील काळ्या गाभ्याच्या वृक्षाचे जंगल, आणि उंचावर शेवाळ व नेच्यांनी भरलेले दमट सदाहरित अरण्य.

१६३८ मध्ये वसाहत करणाऱ्या डचांचे लक्ष आबनुसाच्या लाकडावर होते. त्यांच्या जहाजांतून आलेले उंदीर, डुकरे आणि जावातील हरणे रानात पसरली आणि त्याच शतकात डोडो नामशेष झाला. मात्र या पक्ष्याच्या कीर्तीपुढे त्याच्या रानाची कहाणी उगाच झाकोळली गेली आहे. पुढे फ्रेंच अमलात प्रशासक प्येर प्वाव्र याने, झाडे गेली तर पाऊसही जाईल या समजुतीने, १७६९ मध्ये जमीनधारकांना चौथाई भाग वनाखाली राखण्याची सक्ती केली.

नंतर सत्तेवर आलेल्या ब्रिटिशांनी १८२५ मध्ये येथील साखरेवरील जादा जकात काढली आणि फोफावलेल्या उसापुढे वन राखण्याचा हा नियम टिकला नाही. १८३४ पासून आलेल्या भारतीय करारबद्ध मजुरांनी, ज्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषकही होते, उसाचे मळे कसले; शेतांतून वेचून रचलेले काळ्या दगडांचे ढीग त्या कष्टांची खूण म्हणून आजही उभे आहेत. सपाट व उताराची जमीन उसाखाली गेली आणि जेथे ऊस चढू शकला नाही, तेथेच मूळ रान उरले. १९७४ मध्ये अवघे चार रानटी पक्षी उरलेली मॉरिशस खरूची, म्हणजे ससाण्याच्या जातकुळीतील लहान शिकारी पक्षी, ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांतील कड्यांच्या आश्रयानेच तगली. आज बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी भूभागावर चांगल्या स्थितीतील देशी वन आहे आणि त्यातही परदेशी पेरूची झुडपे माजली आहेत.

किनारी शुष्क रानाचा महत्त्वाचा अवशेष इल ओ एग्रेत या २६ हेक्टरच्या प्रवाळी बेटावर आहे. आबनुसाची फळे खाऊन बी पसरवणारी स्थानिक महाकासवे नष्ट झाल्यामुळे, २००० पासून तेथे अल्दाब्रा बेटावरील जातीची कासवे सोडण्यात आली. त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांपासून आता आबनुसाची रोपे उगवू लागली आहेत.