घोडेस्वार राणीचा रुप्याचा मुकुट

पोळ्याच्या दिवशीं कुरखेड्याच्या बाजूला बैलांची शिंगें रंगतात, त्यांच्या माथ्यावर बाशिंग चढतें. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जनावराला त्या दिवशीं नवरदेवाचा मान असतो. अमेरिकेंतल्या गुराख्यांच्या जत्रेंत मात्र हें बाशिंग जनावराला नव्हे, एका तरुणीच्या टोपीला चढतें. त्या जत्रेला रोडिओ म्हणतात. गुरें घेरणें या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून हें नांव पडलें. उधळणाऱ्या घोड्यावर मांड ठोकणें, दोराचा फांस टाकून वांसरूं धरणें, हे गुराख्यांचे नित्याचे उद्योग. त्यांच्याच तेथें शर्यती होतात.

ऑरेगॉन प्रांतांतील पेंडल्टन गांवीं १९१० सालीं अशी मोठी जत्रा सुरू झाली आणि बर्था अँगर ही तिची पहिली राणी झाली. पुढें कित्येक गांवीं जी मुलगी अधिक तिकिटें खपवी तिलाच राणीपद मिळे. घोड्यावर तिची मांड कशी आहे, हें विचारण्याचें कारणच नव्हतें!

वास्तविक त्याच मैदानांत स्त्रिया उधळ्या घोड्यांवरही बसत असत. १९२९ च्या सप्टेंबरांत पेंडल्टन येथें बॉनी मॅक्कॅरोल ही नामांकित स्वार अशाच एका घोड्यावर बसली. तिच्या रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींस बांधलेल्या होत्या. घोडा कोसळला, पाय अडकला, आणि थोड्याच दिवसांत तिचा अंत झाला. त्यानंतर तेथील स्त्रियांची ही शर्यत बंद करण्यांत आली. पुरुषही या खेळांत मरत, पण त्यांची शर्यत कोणी बंद केली नाहीं. स्त्रियांच्या वांट्याला मिरवणूक उरली. अखेर १९४८ सालीं टेक्सासांतील सॅन अँजेलो येथें ३८ स्त्रियांनीं एकत्र येऊन आपली स्वतंत्र संस्था काढली व स्वतःच्या शर्यती भरविल्या. पुढच्या दशकांत साऱ्या देशाची एक रोडिओ राणी निवडण्याची प्रथा सुरू झाली. तींत रूप आणि संभाषण यांबरोबर अश्वारोहणाचीही परीक्षा होऊं लागली.

आतां मुकुट घडविणाऱ्याची अडचण पाहण्याजोगी आहे. राजाचा मुकुट डोक्यावर बसतो आणि राजा सिंहासनावर. येथें मुकुट बसतो नमद्याच्या रुंद काठाच्या टोपीवर, आणि राणी भरधाव घोड्यावर! टोपीचा घेर वाटोळा नसून लांबट असतो. म्हणून माप डोक्याचें न घेतां टोपीचें घ्यावें लागतें. पत्रा जाड घेतला तर टोपी डोळ्यांवर येते, फार पातळ घेतला तर हिसक्यानें वांकतो. पुढचा भाग उंच ठेवून त्यावर जत्रेचें नांव व साल कोरतात. टोंकें बोथट केलेलीं बरीं, कारण पडण्याचा प्रसंग केव्हां येईल याचा नेम नसतो.

शुद्ध रुपें मऊ. म्हणून शेंकडा ९२॥ भाग रुपें व बाकी बहुतेक तांबें असा मेळ तिकडे खऱ्या चांदीचा मानतात. स्वस्त मुकुट जर्मन सिल्व्हरचे असतात. त्यांत तांबें, जस्त आणि निकेल असतें, रुपें गुंजभरही नसतें. झाडीपट्टींतील सोनाराला मात्र खरा मेळ परका नव्हता. १९४० पूर्वींच्या एक तोळा वजनाच्या रुपयांत बारा भागांपैकीं अकरा भाग रुपें असे, म्हणजे शेंकडा सुमारें ९१॥=. असेच रुपये मुशींत आटवून खेड्यांतले सोनार वाळे आणि तोडे घडवीत. १९४० सालीं रुपयांतलें रुपें निम्म्यावर आलें, आणि १९४७ सालीं रुपया निव्वळ निकेलचा झाला.