इमारतींतील उष्णतेचे मापन : नेवासा परिसरातील घरे

इमारतीत भिंती, छप्पर, दारे-खिडक्या व वायुवीजन यांवाटे किती उष्णता येते आणि किती बाहेर जाते, हे ठरविणे म्हणजे इमारतीतील उष्णतेचे मापन होय. त्याचा पाया फूर्ये या फ्रेंच गणितज्ञांच्या १८२२ मधील उष्णतावहनाच्या सिद्धांतात आहे. छपराची उष्णता-पारगम्यता, क्षेत्रफळ आणि दोन्ही बाजूंच्या तापमानांतील फरक यांचा गुणाकार केला म्हणजे प्रवाह वॉटमध्ये मिळतो. तापमाने स्थिर असली, तरच हे सूत्र तंतोतंत लागू पडते. दख्खनच्या उन्हाळ्यात ती तशी कधीच नसतात.

प्रवरेकाठच्या नेवासा येथे ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४–५६ मध्ये उत्खनन झाले. त्यात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. घरे लाकडी खांबांची व कुडाच्या भिंतींची होती. छपरे टिकलेली नसल्याने त्यांचा उष्णतेचा हिशेब मांडता येत नाही. पुढील काळात या भागात रूढ झालेल्या धाब्याच्या घराचा मात्र तो मांडता येतो. जाड मातीच्या भिंती, तुळयांवर किलचण व तीवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असते.

मातीची उष्णतावाहकता सु. ०·५ व सलोह काँक्रीटची सु. १·६ वॉट दर मी. दर °से. धरल्यास ३० सेंमी. मातीच्या थराची पारगम्यता सु. १·३, तर १० सेंमी. काँक्रीटच्या छताची सु. ४ वॉट दर चौ. मी. दर °से. येते. उन्हाने तापलेला पृष्ठभाग व खोली यांत २५° से. फरक मानला, तर २५ चौ. मी. छतातून अनुक्रमे सु. ८०० व २,५०० वॉट उष्णता आत येईल. याहून महत्त्वाचा आहे तो विलंब. दुपारची उष्णतेची लाट मातीच्या थरातून खाली उतरण्यास ११-१२ तास लागतात, काँक्रीटमधून दोन-तीनच. म्हणून धाब्याखालची खोली दुपारी थंड राहते. ती तापते मध्यरात्रीनंतर, आणि तेव्हा घरातील माणसे बहुधा वर माळवदावर झोपलेली असत. हा विलंब केवळ पारगम्यतेच्या आकड्यात दिसत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष मापनात छताला उष्णताप्रवाहमापक पट्टी व दोन्ही बाजूंना तापमापके लावून अनेक अहोरात्र सलग नोंदी घ्याव्या लागतात.

धाब्याचे दोषही मोठे आहेत : वजन फार, पावसाळ्यापूर्वी दरवर्षी डागडुजी, गळती व कोसळण्याची भीती. त्यामुळे लोक काँक्रीटकडे व पत्र्याकडे वळले, यात नवल नाही. पत्र्यात तर अवरोध व विलंब दोन्ही नगण्य असतात.

केंद्र शासनाच्या २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’ने निवासी इमारतींच्या छताच्या पारगम्यतेची कमाल मर्यादा १·२ ठरविली, जुने धाबे तिच्या अगदी जवळ जाते. मात्र ही संहिता ५०० चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी काढण्यात आली. गावठाणातील एकदोन खोल्यांचे पत्र्याचे घर, जिथे उष्णता सर्वाधिक सोसावी लागते, तिच्या कक्षेत येत नाही.