गुलाबी धोतर

धोतरजोडी घ्यायची का त्या पैशाचा जोंधळा भरायचा, यावर आमच्या घरात आठ दिवस धुसफूस चालली होती. साल 1973, मुलूख माणदेश. आदल्या साली पावसानं पाठ फिरवली होती आणि माणगंगेचं पात्र वाळूनं पांढरंफेक पडलं होतं. आई-आण्णा दोघंही पाझर तलावाच्या कामावर. दुपारी मुलांना सुकडी मिळायची, रेशनला ती तांबडी मिलो. त्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, राज्यभर 50 लाखांच्या आसपास माणसं अशी दुष्काळी कामांवर होती म्हणतात. आम्हांला आकडे ठाऊक नव्हते. मुकादमाचं मस्टर आणि पगाराचा दिवस, एवढंच ठाऊक होतं.

पण थोरल्या अक्काला बघायला पाव्हणे यायचे होते, आणि आण्णांच्या धोतराला आता दंड घालायलाही जागा उरली नव्हती. शेवटी आईच म्हणाली, "जोंधळा काय, खाल्ला की सपला. लेकीचा बाप उघडा दिसाय नगं." बाजारातनं गिरणीची जोडी आली. दोन पानं, कोरी करकरीत.

अक्काला नवं काही घेणं शक्यच नव्हतं. म्हणून आईनं रंगाची पुडी आणली आणि आपलं इटकं लुगडं मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात बुडवून लालभडक केलं.

घोटाळा इथंच झाला. पुडीचा रंग म्हणजे कच्चा रंग. मिठानं तो सुतात शिरतो, पण घट्ट धरून बसत नाही. रंगवलेलं कापड निवळ पाणी येईपर्यंत खळबळायचं असतं. एरवी बायका नदीवर जायच्या. कपड्याचा रंग सुटला तरी वाहत्या पाण्याबरोबर निघून जायचा, शेजारच्या कपड्याला लागायचा नाही. माझ्या आईला हे कळत नव्हतं असं नाही. पण नदीत झिरे खणून वाटीवाटीनं घागर भरणाऱ्या बाईनं खळबळायला पाणी कुठनं आणावं? तिनं लुगडं एकदा पिळलं आणि वाळत घातलं.

पाव्हणे यायच्या आदल्या रात्री कोऱ्या धोतराची खळ काढायला म्हणून तिनं ती जोडी घमेल्यात भिजत घातली. लुगड्याला रंगाचा उग्र वास मारत होता, म्हणून तेही त्याच पाण्यात. तेवढंच पाणी वाचेल.

सकाळी घमेल्यात कुंकू कालवल्यासारखं पाणी. दोन्ही पानं गुलाबी, तीही एकसारखी नाहीत, ढगाढगांची. आई उंबऱ्यात बसली ती उठेचना. परटाच्या आजोबांनी धोतर बोटांत चुरगाळून पाहिलं आणि म्हणाले, "भट्टी लावून बगू, पर दोन घागरी तरी पायजेत." घरात होती दीड. ती पाव्हण्यांसाठी राखलेली.

अक्का म्हणाली, "आण्णा, जुनंच नेसा." आण्णांनी काही न बोलता ते ओलं गुलाबी धोतर नेसलं. "अंगावरच वाळंल," म्हणाले.

पाव्हणे आले. मी पाय धुवायला तांब्या पुढं केला. मुलाच्या वडलांनी त्यातलं चार थेंब बोटांवर घेतलं, ते डोळ्यांना लावलं आणि भरला तांब्या माझ्या हातात परत दिला. मग त्यांची नजर आण्णांच्या धोतरावर गेली. आई दाराआड श्वास धरून उभी.

"एकाच पान्यात भिजवलं काय?"

"व्हय."

"आमच्यात बी तसंच हाय," ते म्हणाले. त्यांचं स्वतःचं धोतर झिऱ्यातल्या गढूळ पाण्यानं मातकट झालेलं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

सोयरीक जमली. पुढच्या पावसाळ्यात नदीला पाणी आलं तेव्हा आईनं ती जोडी खडकावर आपटआपट आपटली, पण कच्चा म्हणवणारा तो रंग पुरता गेला नाही. नेसून नेसून पानं मऊसूत झाली. अक्का पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा आईनं त्यातल्या एकाची बाळोती फाडली. दुसरं पान आण्णांनी दिलं नाही.