हमाल आणि तत्त्वज्ञ

एक कारागीर बूट आणि टोप्या दोन्ही कामांत दुसऱ्याहून सरस असेल, तर दुसऱ्याने काय करावे? डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली मुक्त व्यापाराचे तत्त्व समजावताना हेच उदाहरण घेतले. पहिला टोप्यांत २० टक्के, तर बुटांत ३३ टक्के सरस आहे. त्याने फक्त बूट करावेत, दुसऱ्याने टोप्या. त्यात दोघांचाही फायदा.

पण हे कौशल्य येते कोठून? ॲडम स्मिथ यांनी १७७६ सालीच लिहिले होते की हमाल आणि तत्त्वज्ञ सहा-आठ वर्षांचे होईपर्यंत बहुधा सारखेच असतात. पुढे सवय, रूढी आणि शिक्षण त्यांना वेगळे घडवतात.

रिकार्डोंचे कारागीर प्रौढ आहेत. आपल्यासमोर बसतात ती सहा-आठ वर्षांची मुले. त्यांच्यात बूट कोणाचे, टोप्या कोणाच्या हे आपण इतक्यात का ठरवावे?