माळ्यावरची पानं : संगणकातल्या स्वॅपचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण माणसाच्या स्मृतीबद्दल बोललो. आज तोच प्रश्न यंत्राला विचारायचा आहे : स्मृती अपुरी पडली, तर काय करायचं?

प्रश्न आमच्या घरातूनच आला. आमचा लॅपटॉप जुना, मुख्य स्मृती चार जीबी, प्रणाली लिनक्स. एका रात्री स्कॅन केलेली दोन जाडजूड पुस्तकं आणि ब्राउझरची वीस-पंचवीस पानं उघडून आम्ही टिपणं लिहीत होतो. आधी यंत्र गोठलं, मग लिहिण्याचा प्रोग्रॅम आपोआप बंद झाला. दोन तासांचं काम गेलं. पुतणीने पाहून सांगितलं, "काका, यात स्वॅपच नाहीये. जागा संपली की लिनक्स एखादा प्रोग्रॅम स्वतःच मारून टाकतं. तुमचा नंबर लागला."

स्वॅप म्हणजे काय? जुन्या घरातला माळा आठवा. रोजची भांडी फडताळात, दिवाळीची मोठी परात माळ्यावर. फडताळ म्हणजे रॅम. माळा म्हणजे डिस्कवर राखलेली जागा. सध्या न लागणारी पानं तिथे ठेवायची, लागली की खाली आणायची.

आता ही कल्पना आली कुठून ते पाहू. १९५०च्या दशकात मुख्य स्मृती महाग होती आणि फार थोडी मिळायची. प्रोग्रॅम तिच्यात मावत नसे. मग त्याचे तुकडे पाडून कुठला तुकडा केव्हा आत आणायचा, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागे. या हमालीतून सुटका केली ती मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकाने. टॉम किलबर्न यांच्या गटाने फेरांटी कंपनीबरोबर तो बांधला. ७ डिसेंबर १९६२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. मुख्य स्मृती सुमारे १६ हजार शब्दांची, आणि फिरत्या चुंबकीय ड्रमवर त्याच्या सहापट जागा. दोन्हींची ५१२ शब्दांची पानं पाडली. अदलाबदल यंत्र स्वतः करायचं; प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एकच मोठी, सलग स्मृती दिसायची. आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना इथे शांकर वेदान्तातली व्यावहारिक सत्ता आठवते. ती सलग स्मृती अंतिम अर्थाने खरी नाही, पण व्यवहार तिच्यावरच चालतो.

'स्वॅप' हा शब्द मात्र अख्ख्या प्रोग्रॅमच्या अदलाबदलीचा. एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने १९६१मध्ये दाखवलेल्या सीटीएसएस प्रणालीत एका माणसाचा प्रोग्रॅम बाहेर ठेवून दुसऱ्याचा आत घेत. पुढे पानं आली, नाव तेच राहिलं.

पण माळ्यावर टाकायचं काय? आयबीएमच्या लास्लो बेलाडी यांनी १९६६मध्ये याचा अभ्यास मांडला. सर्वोत्तम निवड सोपी आहे : ज्याची गरज सगळ्यात उशिरा पडणार, ते पान काढा. अडचण एवढीच, की त्यासाठी भविष्य ठाऊक हवं! ते ठाऊक नसतं, म्हणून यंत्र भूतकाळ पाहतं. बराच वेळ हात लागला नाही ना, मग पुढेही लागणार नाही, असं धरून चालतं. आपणही घर आवरताना दुसरं काय करतो?

लिनक्समध्ये ही सोय आली ती एका माणसाच्या अडचणीतून. १९९१च्या डिसेंबरात जर्मनीतल्या एकाकडे फक्त दोन एमबी रॅम होती, तेवढ्यात कंपायलर चालेना. लिनस टोरवाल्ड्स यांना स्वतःला गरज नव्हती, तरी त्यांनी पानं डिस्कवर टाकण्याची सोय नाताळच्या सुमारास लिहून काढली.

आमच्या पुतणीने पाच पायऱ्यांत काम केलं. चार जीबीची रिकामी फाइल केली. तिची परवानगी ६०० ठेवली, कारण माळ्यावरच्या पानांत पासवर्डही असू शकतात, ते इतरांना वाचता येऊ नयेत. मग 'एमकेस्वॅप'ने फाइल तयार केली, 'स्वॅपऑन'ने चालू केली. शेवटी 'एफएसटॅब'मध्ये नोंद केली, नाहीतर यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ती चालू होत नाही.

आम्ही खूश झालो आणि पुस्तकं दोनाची सहा उघडली. प्रोग्रॅम मेला नाही, पण एकेक अक्षर उमटायला वेळ लागू लागला. याला पीटर डेनिंग यांनी १९६८मध्येच 'थ्रॅशिंग' म्हटलं होतं : पानं वर-खाली नेण्यातच यंत्राचा वेळ जातो, कामाला उरत नाही. त्यांचा उपायही साधाच. प्रत्येक कामाला एका वेळी लागणाऱ्या पानांचा एक संच असतो; जेवढे संच रॅममध्ये मावतील, तेवढीच कामं घ्या.

म्हणून स्वॅप भरलेला दिसला की घाबरू नका. 'व्हीएमस्टॅट' ही आज्ञा देऊन 'एसआय' आणि 'एसओ' हे रकाने पाहा. तिथे आकडे सतत मोठे असतील, तर दुखणं आहे. माळा भरलेला असणं हा दोष नव्हे. मिठासाठी रोज शिडी लावावी लागणं हा दोष.

स्वॅप आपल्याला सवड देतो, सामर्थ्य देत नाही. त्या रात्री तो असता तर आमची टिपणं बहुधा वाचली असती. पण सहा पुस्तकं एकदम वाचण्याचा हट्ट कुठल्याच यंत्राला पुरा करता येणार नाही. तो आम्हीच सोडला. आता दोनच उघडतो, आणि खरं सांगायचं तर वाचनही बरं होतं.