फर्मींचा एक प्रश्न आणि मारियाबाईंचं उत्तर

1940 च्या दशकातलं शिकागो. मारिया गेपर्ट-मायर विद्यापीठात शिकवायच्या, पण बिनपगारी. नवरा तिथेच प्राध्यापक, आणि दोघांना नोकरी द्यायची नाही असा नियम!

त्यांना एक कोडं छळत होतं. अणुकेंद्रात प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन 2, 8, 20, 28, 50, 82 किंवा न्यूट्रॉन 126 असले, की केंद्र जास्त स्थिर. का बरं?

एकदा एन्रिको फर्मींनी जाता जाता विचारलं, स्पिन-ऑर्बिटचा काही संबंध दिसतो का? बाईंना लगेच उलगडा झाला. कण केंद्रात फिरतो, स्वतःभोवतीही गिरकी घेतो. दोन्ही एकाच दिशेने असलं तर ऊर्जा कमी, उलट असलं तर जास्त. त्यामुळे ऊर्जेचे मजले सरकतात आणि बरोबर त्याच आकड्यांवर भरतात.

1949 मध्ये जर्मनीत येन्सन आणि सहकाऱ्यांनाही स्वतंत्रपणे हेच सापडलं. 1963 च्या नोबेलमध्ये मायर आणि येन्सन दोघंही होते. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकपद मात्र बाईंना 1960 मध्ये मिळालं, वयाच्या पन्नाशीनंतर. शोध आधी, पगार नंतर!